आयएनएस कुरसुरा : ३१ वर्षांची नोकरी आणि "हिने बुडवलं काय?" हा प्रश्न

दर्यासारंग_पुणे

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर जी लांबलचक काळी पाणबुडी उभी आहे ना, ती बघून आलेली माणसं आपल्या पुण्यात ढिगाने सापडतील. अराकू, बोर्रा गुहा आणि 'ती पाणबुडी' असं सहलीचं पॅकेजच असतं. पण काय पाहिलं असं विचारलं की "आत फार अरुंद आहे हो" याच्या पुढे कुणी जात नाही. आणि वर एक वाक्य हमखास येतं, "पण हिने युद्धात बुडवलं काय?" हे इतक्या वेळा ऐकलंय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढूया.

तर कुरसुरा ही आपल्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी चौथी. कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा. चारही सोव्हिएत बनावटीच्या, ज्यांना नाटोवाले फॉक्सट्रॉट म्हणतात त्या. कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला रीगा बंदरात नौदलात दाखल झाली, म्हणून ८ डिसेंबर हा आपला पाणबुडी दिन. कुरसुराही त्याच रीगात, १८ डिसेंबर १९६९ ला. पहिले कमांडिंग ऑफिसर कमांडर अरुण ऑडिटो.

घरी येण्याचा रस्ताच बघा. सुएझ कालवा १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धापासून बंद पडलेला. त्यामुळे फेब्रुवारी १९७० मध्ये निघालेली ही बोट स्वीडनचं गोथेनबर्ग, स्पेनचं ला कोरुन्या, मग आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घानाचं ताकोराडी, तिथून केप ऑफ गुड होपला वळसा आणि मॉरिशस, असं करत एप्रिलपर्यंत भारतात पोचली. नवी बोट, नवे लोक, मॅन्युअल आणि मीटरवरची अक्षरं सगळी रशियन, आणि पहिलाच प्रवास अर्ध्या जगाला वळसा घालून. ही एवढी एक गोष्ट जरी असती तरी मी तिच्यावर धागा काढला असता.

आता १९७१. युद्ध ३ डिसेंबरला जाहीर झालं हे आपण शाळेत शिकलो. कुरसुरा मात्र १३ नोव्हेंबरलाच गस्तीवर निघाली होती, १८ तारखेला अरबी समुद्रात ठरलेल्या जागी पोचली, २५ पर्यंत तिथे राहिली, मग दुसऱ्या भागात गेली. ३० नोव्हेंबरला समुद्रातच करंजला भेटून जमवलेली माहिती तिच्या हवाली केली आणि ४ डिसेंबरपर्यंत मुंबईला परत. म्हणजे आपण रेडिओला कान लावून बसायच्या आधीच तिची पाळी संपत आली होती.

आणि हो, टॉर्पेडो सोडला नाही. का नाही ते खाली बोलू, कारण मला माहितीये कुणीतरी विचारणारच आहे.

भटक्या_विजू

जबरी लिहिलंय. आम्ही जाऊन आलोय, गाईड म्हणून नौदलातून रिटायर झालेले एक काका होते, तेलुगू मिश्रित हिंदीत सांगत होते आणि मागून लोक "चलो चलो आगे बढो" करत होते त्यामुळे निम्मं ऐकूच आलं नाही. एक विचारायचंय, ७५ माणसं त्यात राहायची हे खरं का? मला तर दहा मिनिटांत घाम फुटला, आणि आता तिथे एसी आहे.

दर्यासारंग_पुणे

हो विजू. ८ अधिकारी आणि ६७ नौसैनिक, मिळून ७५. बोट ९१ मीटर लांब आहे पण रुंदी साडेसात मीटर, आणि ही बाहेरून. आत प्रेशर हल, म्हणजे पाण्याचा दाब पेलणारं कवच, त्यात मशिनरी, पाइप, केबल, खाली बॅटऱ्या. उरलेल्या जागेत माणूस. पुढच्या टॉर्पेडो कंपार्टमेंटमध्ये तर टॉर्पेडोंच्या शेजारीच बंक. पुढे सहा ट्यूब, मागे चार, सगळे मिळून २२ टॉर्पेडो.

टॉर्क

लोणावळ्याला आयएनएस शिवाजीमध्ये ट्रेनिंग झालंय, नंतर जहाजांवर होतो, पाणबुडीवर नाही. पण फॉक्सट्रॉटच्या इंजिनरूमबद्दल सिनियर लोकांकडून भरपूर ऐकलंय म्हणून थोडं सांगतो.

बहुतेकांना वाटतं पाणबुडी म्हणजे कायम पाण्याखाली. डिझेल-इलेक्ट्रिक बोटीचं तसं नसतं. खाली असताना ती बॅटरीवर चालते. कुरसुराला चार गटांत मिळून ४४८ सेल होते, आणि सेल म्हणजे आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी डोळ्यासमोर आणू नका, माणसाच्या छातीएवढी उंच धूडं. ती चार्ज करायची तर डिझेल इंजिन चालवायचं आणि इंजिनाला हवा लागते. म्हणून बोट पेरिस्कोपच्या खोलीवर येते आणि स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढते. खरी मजा पुढे आहे. समुद्र खवळलेला असेल आणि लाट नळीवरून गेली की पाणी आत येऊ नये म्हणून वरची झडप खटकन बंद होते. पण २००० हॉर्सपॉवरची डिझेल इंजिनं काय थांबतात, ती बोटीतलीच हवा ओढायला लागतात. आतला दाब एकदम खाली, सगळ्यांचे कान गच्च. झडप उघडली की दाब परत वर. रात्रभर हे चालू. झोपलेला माणूस कानाच्या दुखण्याने उठतो, कूस बदलतो, परत झोपतो.

त्यात चार्जिंग करताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्क्यांच्या वर गेला की एक ठिणगी पुरे. त्यामुळे एक माणूस सतत त्या मीटरवर. लढाई असो नसो, हे काम रोजचं.

तीन शाफ्ट, तीन पंखे, तीन डिझेल, तीन मोटारी. शिवाय अगदी सावकाश, आवाज न करता सरकायला वेगळी छोटी मोटार. गस्तीवर असताना या सावकाश सरकण्यालाच महत्त्व. मी मी म्हणणारी जहाजं वरून निघून जातात आणि खाली कुणी आहे हे कळत नाही.

मृण्मयी_कर्वेनगर

टॉर्क, अंगावर काटा आला वाचताना.

माझे एक मामा फॉक्सट्रॉटवर होते, कुठल्या ते लिहीत नाही. आता धनकवडीला असतात. सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांची बॅग आजी आधी गॅलरीत ठेवायला लावायची, डिझेलचा वास इतका की आत आणली की घरभर. कपडे सोड्यात भिजवायचे, उन्हात टाकायचे, परत धुवायचे, तरी शर्टाच्या कॉलरला तो वास राहायचाच. मामा सांगायचे की गोडं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, अंघोळ विसरायची. घरी आले की बंबाचं कढत पाणी घेऊन एक तास मोरीत. आजी बाहेरून हाका मारायची आणि आजोबा म्हणायचे, अगं असू दे, घेऊ दे पोराला.

पण कुठे गेला होतात, काय केलंत, याच्यावर आजतागायत एक शब्द नाही. "समुद्रात होतो" एवढंच. आम्ही लहानपणी खूप मागे लागायचो. आता कळतं की त्यांनी आम्हाला टाळलं नाही, तो त्यांच्या कामाचाच भाग होता.

चिंतामणी_सदाशिव

सगळं छान आहे, नौदलाबद्दल आदर आहेच. पण मी थोडं विरोधात बोलणार. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. म्हणजे पाणबुडीने काय करता येतं ते समोरच्याने दाखवून दिलं. त्याच अरबी समुद्रात आपल्या दोन पाणबुड्या होत्या आणि त्यांनी काहीही केलं नाही. मग सेवेचा इतिहास म्हणून आपण नेमकं काय मिरवायचं? भावनेच्या भरात लिहू नका, हिशेब सांगा.

दर्यासारंग_पुणे

चिंतामणी, प्रश्न रास्त आहे आणि खुकरीचं नाव निघालं की माझाही आवाज बसतो. पण हिशेब सांगा म्हणालात तर सांगतो.

पहिली गोष्ट आदेशांची. कुरसुराला दोन बंधनं घालून पाठवलं होतं. ठरावीक जहाजमार्ग ओलांडायचे नाहीत, आणि लक्ष्याची ओळख शंभर टक्के पटल्याशिवाय हल्ला करायचा नाही. व्यापारी जहाजावर तर वेगळा हुकूम आल्याशिवाय नाहीच. का? तर अरबी समुद्रातून जगभरचे तेलाचे टँकर आणि मालवाहू जहाजं ये-जा करतात. पेरिस्कोपच्या भिंगातून, रात्री, दूरवर दिसणारी काळी आकृती कुठल्या देशाची हे ठरवायचं आणि चुकून तिसऱ्याच देशाचं जहाज बुडालं तर ते युद्ध कुठल्या कुठे गेलं असतं. त्यात कुरसुरा ज्या दिवसांत तिथे होती तेव्हा युद्ध जाहीरच झालं नव्हतं. हाताशी २२ टॉर्पेडो असताना न सोडणं ही शिस्त आहे. ती जर तुम्ही 'काहीही केलं नाही' या खात्यात टाकत असाल तर माझा त्याला ठाम विरोध आहे.

दुसरी गोष्ट. बुडवलेल्या जहाजांवरून पाणबुडी मोजायची तर पाकिस्तानच्याच गाझी पाणबुडीचं काय कराल? गाझी विक्रांतच्या शोधात बंगालच्या उपसागरात आली, विक्रांत तिला कधी सापडलीच नाही, आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी ती स्वतःच आतल्या सगळ्यांसकट बुडाली. तिने एकही जहाज बुडवलं नाही. तरी तिच्या भीतीने आपल्याला आपली एकुलती एक विमानवाहू नौका अंदमानात लपवून ठेवायला लागली होती! एक बोट, कुठे आहे माहीत नाही, आणि तिच्यामुळे अख्ख्या ताफ्याचा प्लॅन बदलतो. हँगोरचंही तेच. खुकरीनंतर पुढचे काही दिवस आपली जहाजं आणि विमानं तिला हुडकण्यात गुंतली, तीही तिच्या कामाचाच भाग होती.

आता हेच उलट बाजूने लावा. कराचीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कॅप्टनला माहीत होतं की भारताकडे चार पाणबुड्या आहेत आणि त्यातली एखादी खाली असू शकते. तो धाक वहीत कुणी लिहीत नाही. म्हणून तो नव्हता असं नाही.

चिंतामणी_सदाशिव

विक्रांतचा मुद्दा पटला, तो मी या बाजूने कधी बघितला नव्हता. आदेशांबद्दल माझं मत तरी तेच आहे की युद्ध सुरू झाल्यावर करंजला मोकळीक द्यायला हवी होती. पण तो राग बोटीवर किंवा तिच्या माणसांवर काढायचा नाही हे मान्य.

दर्यासारंग_पुणे

तो वाद करण्यासारखा आहेच, नौदलातले लोकही त्यावर वाद घालतात. करंजवर तेव्हा कमांडर विजयसिंह शेखावत होते, त्यांना वीर चक्र मिळालं आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. १० मार्च २०२१ ला मुंबईत नवी करंज दाखल झाली त्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून तेच आले होते.

स्वप्ना_र

मला एक सांगा, युद्धानंतर काय? १९७१ ते २००१ म्हणजे तीस वर्षं, त्यावर कुठेच काही वाचायला मिळत नाही. आमच्या मुलाला शाळेत प्रोजेक्ट आहे, त्याने कुरसुराच घेतलीये.

दर्यासारंग_पुणे

स्वप्ना, मला सगळ्यात जास्त जवळचा वाटतो तो हाच भाग आणि कुणी विचारत नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ही बोट कामातून बाजूला काढली आणि तिचे पार्ट काढून बाकीच्या बहिणींना लावले. स्वारगेट डेपोत एखादी एसटी कोपऱ्यात उभी असते आणि तिचे पार्ट काढून इतर गाड्या रस्त्यावर ठेवतात, अगदी तसं. सुटे भाग सोव्हिएत युनियनमधून यायचे, वेळेवर येतीलच असं नाही, आणि समुद्रात बोटी तर पाहिजेत. मग एकीने आपलं सगळं द्यायचं. कागदावर तो काळ 'बंद' असाच दिसणार. पण त्या वर्षांत बाकीच्या बोटी ज्या गस्ती करत होत्या त्यात कुरसुराचे व्हॉल्व्ह होते, पंप होते. ती सेवा धरायची की नाही? मी धरतो.

आणि बहुतेक बोटी अशा वेळी भंगारात जातात, ही गेली नाही. १९८० मध्ये तिला सोव्हिएत युनियनला नेऊन मोठी दुरुस्ती झाली आणि १९८२ मध्ये ती परत कामावर रुजू झाली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं! १९९४ मध्ये इंडोनेशियाचं तांजुंग प्रियोक आणि सिंगापूर असा दौराही केला. शेवटी २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्ती. तोवर ७३,५०० सागरी मैल, म्हणजे सुमारे १ लाख ३६ हजार किलोमीटर. पृथ्वीला तीन फेऱ्या मारून वर उरतं.

मुलाला सांगा, प्रोजेक्टमध्ये १९७५ ते १९८२ हा भाग कोरा सोडू नकोस, तिथे बहिणींबद्दल लिही.

टॉर्क

स्पेअर्सचं लिहिलंत ते फार बरं केलंत. बाहेरच्यांना वाटतं की पार्ट काढणं म्हणजे नट खोलला की झालं. पाणबुडीत एखादा पंप काढायचा तर त्याच्या आधी चार पाइप, दोन केबल ट्रे आणि कुणाचा तरी बंक काढायला लागतो, आणि सगळं त्या गोल हॅचमधून बाहेर न्यायचं. दुसऱ्या बोटीत बसवायचं ते परत उलट्या क्रमाने. आणि मग डाइव्ह ट्रायल. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. दोनशे मीटरवर तुम्ही बसवलेल्या सांध्यावर वीसपट दाब असतो आणि तुम्ही स्वतः आत असता. या कामाला पदक नसतं.

पौडरोड

थोडं अवांतर. पहिल्या चारांपैकी कलवरी, खांदेरी आणि करंज ही नावं माझगाव डॉकला बांधलेल्या नव्या पाणबुड्यांना परत दिली. कलवरी डिसेंबर २०१७, खांदेरी सप्टेंबर २०१९, करंज मार्च २०२१. मग वेला, वागीर, वागशीर, ही पण आधीच्या फॉक्सट्रॉटांचीच नावं. कुरसुरा मात्र त्यात नाही. खांदेरी हे तर महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून बांधलेल्या जलदुर्गाचं नाव, ते परत आलं याचा केवढा आनंद झाला होता तेव्हा. कुरसुराचंही यावं असं मनापासून वाटतं.

मृण्मयी_कर्वेनगर

+१. पण ती एकटीच अजून उभी आहे ना, बाकीच्या तिघी राहिल्या नाहीत. तिच्या अंगावर हात ठेवता येतो.

भटक्या_विजू

ती वाळूवर आणली कशी हे पण लिहा की कुणीतरी. काकांनी सांगितलं होतं पण गर्दीत...

दर्यासारंग_पुणे

कल्पना तेव्हाचे पूर्व नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल विनोद पसरिचा यांची. जवळपास २००० टनांची बोट समुद्रातून ओढत किनाऱ्यावर आणायची, भरतीची वेळ साधायची, आणि खाली काँक्रीटचा पाया तयार पाहिजे. शेवटचे ६०० मीटर आणि दीड वर्ष! खर्च साडेपाच कोटी. ९ ऑगस्ट २००२ ला मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनी उद्घाटन केलं आणि २४ ऑगस्टपासून लोकांना खुली झाली.

आत गेलात तर दोन गोष्टी घाई न करता बघा. एक, कंपार्टमेंटमधल्या गोल हॅच. त्यातून आधी पाय की आधी डोकं असा आपला गोंधळ होतो, आणि नौसैनिक अलार्म वाजला की अंधारात धावत जायचे. पाणी शिरलं तर ते दार लावून घ्यायचं असतं, पलीकडे कुणी असलं तरी. दुसरं, गॅली. आपल्या पेठेतल्या वाड्यातलं देवघर मोठं असेल. तिथे ७५ जणांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक, बोट हलत असताना. लोक पेरिस्कोपपाशी फोटो काढायला थांबतात आणि गॅलीपुढून न बघता जातात, तिथे जरा उभे राहा.

स्वप्ना_र

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलंय आता. कोणार्क एक्सप्रेस पुण्यावरून थेट जाते ना? सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना आत नेता येईल का?

भटक्या_विजू

हो, कोणार्क थेट जाते, तिकिटं आत्ताच काढा, सुट्टीत मिळत नाहीत. सोमवारी म्युझियम बंद असतं तेवढं बघून घ्या. जिना चढून वर जायचं असतं आणि आत त्या गोल हॅच, पाय चांगला उचलावा लागतो, त्यामुळे सासूबाईंना जमेल असं वाटत नाही. त्यांना बाहेरून सगळी बोट चालत बघता येते, मागचे तीन पंखे तर बाहेरूनच दिसतात. रस्त्यापलीकडे टीयू-१४२ विमान ठेवलंय, ते पण नौदलाचंच, पाणबुड्या शोधणारं.

मृण्मयी_कर्वेनगर

स्वप्ना, मुलाला प्रोजेक्टसाठी कुणा पाणबुडीवाल्याशी बोलायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मामांना विचारते. गस्तीबद्दल सांगणार नाहीत. पण बॅटरी, स्नॉर्केल आणि जेवणाबद्दल दोन तास बोलतील.

स्वप्ना_र

व्यनि केलाय. त्याने प्रश्न लिहायला घेतलेत, पहिलाच आहे "लाट नळीवरून गेल्यावर कान किती दुखतात".